कृदन्तांची निवड आणि मातृभाषेची साक्ष

परभाषेच्या व्याकरणातील काही प्रश्न दिसावयास लहान असतात; परंतु त्यांची उत्तरे ज्या रीतीने दिली जातात तीवरून एखादा समाज स्वतःच्या भाषेकडे कोणत्या दृष्टीने पाहतो हे कळून येते. इंग्रजी वाक्यात एका क्रियापदाच्या मागोमाग दुसरे क्रियावाचक पद आले तर ते 'टु' लावून योजावे की 'इंग' लावून, हा अशा प्रश्नांपैकीच एक होय. पहिल्या रूपास इंग्रजी व्याकरणकार 'इन्फिनिटिव्ह' म्हणतात, दुसऱ्यास 'जेरंड'. आपल्या शालेय व्याकरणांनी पहिल्यास तुमन्त किंवा हेत्वर्थक धातुसाधित आणि दुसऱ्यास धातुसाधित नाम अशी नावे दिली आहेत. नावे झाली, की विद्यार्थ्याच्या हाती याद्या ठेवल्या जातात. 'वॉन्ट', 'डिसाइड', 'प्रॉमिस' यांच्यापुढे 'टु'. 'अव्हॉइड', 'एन्जॉय', 'फिनिश' यांच्यापुढे 'इंग'. 'रिमेम्बर', 'फर्गेट', 'स्टॉप', 'ट्राय' यांच्यापुढे दोन्ही, पण अर्थ निराळा. असे का, हे सहसा कोणी विचारीत नाही, आणि विचारलेच तर इंग्रजी भाषेची तशी लकब आहे एवढेच सांगितले जाते.

ह्या लकबीमागे जो अर्थभेद आहे तो मराठी बोलणारे मूल शाळेत जाण्यापूर्वीच आत्मसात करते. इंग्रजीत चुकणारा मराठी विद्यार्थी बहुधा त्या भेदाच्या अज्ञानामुळे चुकत नाही. त्याच्या भाषेतील तो भेद इंग्रजी शिकविताना पुसून टाकण्यात आला, म्हणून तो चुकतो. हे म्हणणे स्वभाषेच्या अभिमानातून आलेले वाटू नये, यासाठी उदाहरणांनीच ते तपासणे इष्ट आहे.

ह्या विचारासाठी बेंगळूरमधील इंदिरानगर हे स्थळ सोयीचे आहे. विसाव्या शतकाच्या आठव्या दशकाच्या उत्तरार्धात आखलेली ही वसाहत. तिच्या काही भागांना आजही 'एचएएल'चे टप्पे म्हणतात आणि ह्या नावात एक मराठी मुलखाचा धागा गुंतलेला आहे. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने १९४० साली बेंगळूरात विमानांचा कारखाना काढला. त्याचेच पुढे हिंदुस्थान एअरोनॉटिक्स झाले. प्रथम संरक्षण खात्यातील व कारखान्यांतील मंडळी आणि नंतरच्या दशकांत संगणक व्यवसायातील तरुण कुटुंबे देशाच्या निरनिराळ्या भागांतून ह्या परिसरात येऊन राहिली. त्यांत मराठी घरेही आहेत. अशा घरातील मुलाचा दिवस तीन भाषांत विभागलेला असतो. घरात मराठी, रस्त्यावर व दुकानात कन्नड, शाळेत इंग्रजी. २०१५ च्या कन्नड भाषा शिक्षण अधिनियमामुळे कन्नड शाळेतही आली, हे योग्यच झाले. मराठी मात्र तेथील बहुतेक शाळांत विषय म्हणून नसतेच. ती केवळ बोलली जाते, आणि जी भाषा केवळ बोलली जाते तिला व्याकरण नसते अशी मुलाची व पुष्कळदा पालकांचीही समजूत होऊन बसते. जिला व्याकरण नाही तिच्याकडून व्याकरणाच्या कामी मदत कोण मागणार? म्हणून इंग्रजीच्या याद्या पाठ होतात आणि शेजारच्या खोलीत आजी नातवाशी जे बोलत असते त्यात त्या याद्यांचे स्पष्टीकरण दडलेले आहे, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

भेद पुसला कसा गेला याचा इतिहास थोडक्यात पाहण्यासारखा आहे. कोशात क्रियापद कोणत्या रूपाने नोंदवावे हा प्रत्येक भाषेपुढील व्यावहारिक प्रश्न असतो. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाने (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) मराठी क्रियापदे 'णें' प्रत्ययान्त रूपात दिली आणि पुढे तोच प्रघात पडला. दादोबा पांडुरंग यांच्या १८३६ च्या व्याकरणापासून मराठी व्याकरणाची मांडणीही इंग्रजी व्याकरणाच्या साच्याकडे पाहत होत राहिली. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी झालेल्या भाषांतरपाठमालांतून 'करणे' म्हणजे 'टु डू', 'जाणे' म्हणजे 'टु गो' हे समीकरण घरोघर पोहोचले. वाक्प्रचारही शाळेत 'णे' लावूनच पाठ केले जातात. वस्तुतः 'करणे' हे रूप नाम आहे. ते नपुंसकलिंगी आहे, त्याचे सामान्यरूप 'करण्या' असे होते, त्याला विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये लागतात. इंग्रजी 'जेरंड'ची लक्षणे हीच. म्हणजे कोशाच्या सोयीसाठी घेतलेले नामरूप इंग्रजीतील नेमक्या उलट बाजूच्या रूपाशी जोडले गेले. 'मी जाणे टाळले' ह्या निर्दोष मराठी वाक्याचे 'आय अव्हॉइडेड टु गो' असे सदोष इंग्रजी होते, ते ह्या समीकरणामुळे. मुलाने मराठी वाक्याची रचना जशीच्या तशी नेली असती तर त्याचे इंग्रजी बरोबर आले असते. त्याला ती नेऊ दिली गेली नाही.

आता ज्या क्रियापदांपुढे दोन्ही रूपे येतात व अर्थ बदलतो, त्यांच्याकडे वळावे. कारण खरी कसोटी तेथे आहे. 'गॅस बंद करायला विसरलास, की बंद केल्याचे विसरलास?' असे कोणतीही आई विचारू शकते. पहिल्यात क्रिया घडलेलीच नाही, दुसऱ्यात ती घडली पण स्मरणातून गेली. इंग्रजीत हा भेद 'फर्गेट टु' आणि 'फर्गेट ...इंग' असा होतो. 'पत्र टाकायची आठवण ठेव' आणि 'पत्र टाकल्याचे आठवते' ही 'रिमेम्बर'ची दोन रूपे. 'कळविण्यास खेद होतो' हे कचेरीतील पत्रांचे ठरीव वाक्य आणि 'कळविल्याचा खेद होतो' हा नंतरचा पश्चात्ताप, ही 'रिग्रेट'ची दोन रूपे. 'तो बोलायला थांबला' आणि 'त्याने बोलणे थांबविले' यांत 'स्टॉप'चा सारा पाठ आला. 'खिडकी उघडण्याचा प्रयत्न केला' म्हटले तर खिडकी उघडली असे म्हणता येत नाही. 'खिडकी उघडून पाहिली' म्हटले तर ती उघडली, परिणाम काय होतो तेवढे पाहायचे होते. 'ट्राय टु ओपन' आणि 'ट्राय ओपनिंग' यांत हेच अंतर आहे. 'कबूल करणे' ह्या एकाच क्रियापदाची गंमत तर विशेष आहे. 'पैसे घ्यायचे कबूल केले' हा करार झाला, 'पैसे घेतल्याचे कबूल केले' हा कबुलीजबाब झाला. इंग्रजीला येथे दोन क्रियापदे लागतात: 'अग्री'पुढे 'टु', 'अॅडमिट'पुढे 'इंग'. 'जाण्यास नकार दिला' आणि 'गेल्याचे नाकारले' यांचेही तसेच: 'रिफ्यूज'पुढे 'टु', 'डिनाय'पुढे 'इंग'.

ह्या उदाहरणांतून एक आकृती दिसू लागते. मराठी जेथे 'आयला', 'आयचे', 'ण्यास' किंवा 'ऊ' ही रूपे मागते, तेथे क्रिया पुढे घडावयाची असते, इच्छेच्या, हेतूच्या किंवा शक्यतेच्या पातळीवर असते. इंग्रजी तेथे बहुधा 'टु' घेते. मराठी जेथे 'ल्याचे' असे भूतकृदन्तावरून साधलेले रूप घेते, किंवा नुसते 'णे' कर्मस्थानी चालवून घेते, तेथे क्रिया घडलेली किंवा एक वस्तू म्हणून कल्पिलेली असते. इंग्रजी तेथे बहुधा 'इंग' घेते. 'जाणे टाळले', 'विडी ओढणे सोडले', 'जाणे पुढे ढकलले' ही वाक्ये मराठीला मान्य आहेत, आणि इंग्रजीतील संबंधित क्रियापदे 'इंग' घेणारी आहेत. 'जाणे ठरविले' असे मात्र कोणी म्हणत नाही. 'जायचे ठरविले' असेच म्हणतो, आणि 'डिसाइड'पुढे 'टु' येतो. इतकेच नव्हे, तर जेथे इंग्रजी दोन्ही रूपे जवळजवळ एकाच अर्थाने चालवते तेथे मराठीही दोन्ही चालवते: 'पोहायला आवडते' आणि 'पोहणे आवडते', 'वाचायला सुरुवात केली' आणि 'वाचणे सुरू केले'. पाश्चात्त्य अभ्यासकांनाही ह्या भेदाचे मर्म उशिरानेच मांडता आले. ड्वाइट बोलिंजर यांनी १९६८ मध्ये 'इंग' रूपात वस्तुरूप झालेली क्रिया आणि 'टु' रूपात कल्पित वा संभाव्य क्रिया असते असे प्रतिपादिले. क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९८५ च्या बृहद्व्याकरणानेही शक्यता आणि प्रत्यक्ष घडणे ह्याच दोन टोकांनी हा भेद समजाविला. मराठीच्या प्रत्ययांत तो उघड्यावर पडलेला होता.

हे सूचक सर्वत्र तंतोतंत लागू पडते असा दावा करणे मात्र चुकीचे होईल. 'लिहायला मजा येते' ह्यात 'आयला' आहे, पण 'एन्जॉय'पुढे 'इंग' येते. 'जायचे सुचविले' ह्यात क्रिया भविष्यातील आहे, तरी 'सजेस्ट'ला 'टु' चालत नाही. 'पाऊस पडायचा थांबला' ह्यात 'आयचा' असूनही इंग्रजी 'रेनिंग' म्हणते. इंग्रजीच्या आतही विसंगती आहेतच. 'मॅनेज'पुढची क्रिया प्रत्यक्ष पार पडलेली असते, तरी तेथे 'टु' येतो; 'पोस्टपोन'पुढची क्रिया अद्याप घडावयाची असते, तरी तेथे 'इंग' येते. भाषा तर्कशास्त्राच्या आज्ञेत वागत नाही, रूढीचा अंश तिच्यात राहतोच. परंतु शंभर शब्दांची यादी पाठ करणे आणि एक तत्त्व समजून घेऊन वीस अपवाद लक्षात ठेवणे यांत शिक्षणाच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. पहिल्यात विद्यार्थी साठवतो, दुसऱ्यात तो विचार करतो. शिवाय अपवाद ज्या ठिकाणी भेटतो त्या ठिकाणी दोन भाषांनी जगाची मांडणी वेगळी केलेली असते, आणि तौलनिक अभ्यासाला खरा आरंभ तेथूनच होतो.

दोन भाषांतील ही समांतरता योगायोगाची नाही, असे त्यांच्या इतिहासावरून दिसते. इंग्रजीतील 'टु' हे मुळात दिशा दाखविणारे अव्यय. प्राचीन इंग्रजीत ते क्रियावाचक नामाच्या चतुर्थीसदृश रूपापूर्वी येई. पुढे विभक्तीचे प्रत्यय झिजले आणि 'टु' केवळ खूण म्हणून उरला. 'इंग' हा त्याच भाषेत भाववाचक नामे घडविणारा प्रत्यय होता. क्रियापदाप्रमाणे कर्म घेण्याचे सामर्थ्य त्याला मागाहून आले. मराठीचे 'करायला' पाहावे: क्रियावाचक रूपाला चतुर्थीचा 'ला'. 'करण्यास' पाहावे: नामाला चतुर्थीचा 'स'. क्रियेकडे जाण्याची दिशा विभक्तीने दाखवावी, ही कल्पना दोन्हीकडे एकच. संस्कृतात एका क्रियेसाठी दुसरी क्रिया केली जाते तेव्हा पाणिनी 'तुमुन्' प्रत्यय सांगतो, इच्छार्थक धातूंच्या योगे कर्ता एकच असेल तर तोच प्रत्यय सांगतो, आणि वैदिक भाषेतील तुमर्थी प्रत्ययांची वेगळी नोंद करतो. उलट 'पठन', 'गमन' अशी भावनामे तो 'ल्युट्' प्रत्ययाने साधतो. म्हणजे हे दोन मार्ग भारतीय व्याकरणपरंपरेने फार पूर्वीच निरनिराळे ओळखले होते. मराठीतील 'करू लागला', 'करू शकतो', 'करू इच्छितो' यांतील 'करू' हे त्या तुमन्ताचेच वंशज मानले जाते. जुन्या लेखनात त्यावर जो अनुस्वार असे तो ह्या कुळाची खूण होता. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले आणि ती खूण दृष्टीआड झाली. लेखन सुटसुटीत झाले हे खरे. पण लेखनातून जे जाते ते व्याकरणाच्या अध्यापनात तरी राहावे, ही दक्षता घेतली गेली नाही.

परिभाषेच्या एका घोटाळ्याकडेही येथे लक्ष वेधणे अवश्य आहे, कारण भारतीय भाषांच्या अभ्यासकांना तो विशेष बाधतो. व्हिट्नी यांच्या १८७९ च्या संस्कृत व्याकरणात 'जेरंड' ही संज्ञा 'कृत्वा', 'आगत्य' अशा पूर्वकालवाचक रूपांसाठी वापरलेली आहे, आणि प्राच्यविद्येच्या इंग्रजी लेखनात ती त्याच अर्थाने रूढ झाली. मराठीत त्यांची जागा 'करून', 'येऊन' यांनी घेतलेली आहे. इंग्रजी शालेय व्याकरणातील 'जेरंड' म्हणजे मात्र क्रियानाम. एकच विद्यार्थी सकाळी संस्कृतच्या वर्गात एक अर्थ आणि दुपारी इंग्रजीच्या वर्गात दुसरा अर्थ शिकतो, आणि दोन्ही अध्यापकांना एकमेकांची वार्ता नसते. परभाषेतून संज्ञा उसनी घ्यावी लागते याला इलाज नसेल. पण ती कोणत्या दुकानातून आणली याची पावती तरी जवळ ठेवावी. मोरो केशव दामले यांनी १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त कृदन्तांचा जो तपशीलवार विचार केला आहे तो वाचलेल्यास अशा उसनवारीची गरज फारशी पडत नाही.

इंदिरानगरातील मुलाच्या तिसऱ्या भाषेची, म्हणजे कन्नडची, साक्षही काढावयास हवी. दार लावायला विसरल्याचे सांगताना कन्नड भाषक 'हाकुवुदन्नु' असे वर्तमान-भविष्यवाचक कृदन्तावरून साधलेले नाम वापरतो, आणि लावल्याचे विसरला तर 'हाकिद्दन्नु' असे भूतकृदन्तावरून साधलेले. मराठीच्या 'आयला' आणि 'ल्याचे' ह्या जोडीशी हिचे कार्य जुळते, जरी साधने निराळी आणि कुळेही निराळी आहेत. गम्पर्झ आणि विल्सन यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सांगली जिल्ह्यातील कुपवाड येथे मराठी, कन्नड व उर्दू यांच्या वाक्यरचना दीर्घ सहवासाने इतक्या जवळ आल्या आहेत की पदास पद ठेवून भाषांतर करता यावे, असे दाखविले. कॉलिन मसिका यांनी १९७६ मध्ये पूर्वकालवाचक कृदन्तांसारख्या लक्षणांच्या आधारे दक्षिण आशियाचे भाषिक क्षेत्र आखून पाहिले. बेंगळूरपुरते बोलावयाचे तर हा सहवास कालपरवाचा नव्हे. १६३८ मध्ये विजापूरकरांनी हे नगर घेतल्यानंतर ते शहाजीराजांकडे आले, आणि त्यांच्या दरबारातील बहुभाषिक काव्यव्यवहाराचे चित्र जयराम पिंड्ये याच्या 'राधामाधवविलासचंपू'त आहे. तो ग्रंथ १९२२ मध्ये राजवाडे यांनी प्रकाशात आणला. आणि मराठीच्या व्याकरणासाठी ज्ञानेश्वरी पदापदाने तपासणारेही तेच राजवाडे होत. आज इंदिरानगरच्या शंभर फुटी रस्त्यावरून शाळेची बस धरणाऱ्या मुलाजवळ कन्नड आणि मराठी अशा दोन साक्षीदार भाषा आहेत. इंग्रजीच्या वर्गात दोघींनाही बाहेर उभे केले जाते.

यावर काही आक्षेप येतील व ते विचारार्ह आहेत. पहिला असा की, परभाषा शिकताना मातृभाषा मध्ये आणणे घातक असते. रॉबर्ट लॅडो यांच्या १९५७ च्या ग्रंथापासून मातृभाषेच्या सवयी अडथळा कोठे आणतील याचाच शोध प्रामुख्याने घेतला गेला. त्या मदत कोठे करतील हा प्रश्न मागे पडला. खुद्द बेंगळूरने ह्या बाबतीत एक महत्त्वाचा प्रयोग पाहिला आहे. एन्. एस्. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ ह्या काळात दक्षिणेतील काही शाळांतून व्याकरणाचे पाठ बाजूस ठेवून, विचार करावयास लावणाऱ्या कृतींच्या द्वारा इंग्रजी शिकविण्याचा उपक्रम केला. तो 'बेंगळूर प्रकल्प' म्हणून जगभर चर्चिला गेला. अर्थावर लक्ष खिळले म्हणजे रूप आपोआप वश होते, हे त्यामागील सूत्र. त्यातील अर्थावरील भर सर्वथा स्वीकारण्याजोगा आहे. परंतु 'विसरायला' आणि 'विसरल्याचे' यांतील अर्थ ज्याला आधीच कळतो त्याला तो पुन्हा शून्यापासून शोधावयास लावणे ही अर्थाची उपेक्षाच नव्हे काय? दुसरा आक्षेप असा की, भारतीय इंग्रजीला आता स्वतःचे स्थान आहे. मग 'टु' की 'इंग' याचा आग्रह कशाला? ब्रज कच्रू यांच्यासारख्या अभ्यासकांनी भारतीय इंग्रजीच्या बाजूने जे लिहिले त्याचे महत्त्व मान्य करूनही असे म्हणावे लागते की, केवळ रूढीचा प्रश्न असेल तेथे सैलपणा क्षम्य आहे, अर्थ बदलत असेल तेथे तो क्षम्य नाही. औषध घेण्याचे विसरलेला आणि घेतल्याचे विसरलेला रोगी यांना वैद्याने एकच सल्ला देऊन चालत नाही. तिसरा आक्षेप अधिक खडतर आहे. महानगरातील कित्येक मराठी मुलांची मराठीच आता इतकी क्षीण आहे की 'ल्याचे' त्यांच्या बोलण्यात उरलेले नाही. हे काही घरांच्या बाबतीत खरे असेल. पण त्यावरून मातृभाषेला बोलावू नये असे न ठरता, ती वेळेवर बोलावली गेली नाही एवढेच ठरते.

प्रश्न केवळ शाळेचा असता तर भारतीय साहित्यांच्या अभ्यासकांपुढे तो मांडण्याचे प्रयोजन नव्हते. भाषांतराच्या व्यवहारात त्याला वाङ्मयीन मोल येते. हॅम्लेटचे सुप्रसिद्ध स्वगत इंग्रजीत 'टु' लावलेल्या क्रियापदांवर तोललेले आहे. शिरवाडकरांनी 'नटसम्राट' नाटकात (१९७०) त्या स्वगताचा जो प्रतिध्वनी उमटविला त्यात 'णे' प्रत्ययान्त नाम घेतले नाही, विध्यर्थी क्रियापद घेतले; आणि ते मराठी प्रेक्षकाच्या कानात कायमचे बसले. कोशाच्या समीकरणाने चालणाऱ्या भाषांतरकाराने तेथे 'असणे' आणि 'नसणे' अशी दोन नामे मांडली असती. तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात ती शोभली असती, पण दोलायमान मनाची अनिश्चितता त्यांत उतरली नसती. कारण नाम क्रियेला स्थिर करते आणि विध्यर्थ ती मोकळी ठेवतो. उलट दिशेने, मराठी आत्मकथनांचे इंग्रजी करताना 'सोसल्याचे आठवते' ह्यातील घडून गेलेली क्रिया आणि 'सोसायचे ठरविले' ह्यातील पुढे उभी असलेली क्रिया यांची सरमिसळ झाली, तर निवेदकाचे दुःख आणि त्याचा निश्चय यांचीच सरमिसळ होते. भाषांतराच्या परीक्षणात शब्दांच्या निवडीची चर्चा खूप होते, कृदन्तांच्या निवडीची जवळजवळ होत नाही.

तेव्हा करावयाचे काय? शाळेपुरते पाहिले तर उपाय खर्चाचे नाहीत. 'करणे' म्हणजे 'टु डू' हे समीकरण पहिल्याच दिवशी दुरुस्त करून 'करणे' हे नाम आणि 'करायला' हा हेतू, असे दोन रकाने विद्यार्थ्यासमोर ठेवावेत. इंग्रजी क्रियापद भेटले की त्याच्या मराठी वाक्यात कोणते रूप येते ते आधी बोलून पाहावयास सांगावे. लिहिण्यापूर्वी बोलून, कारण औपचारिक लेखनात 'ण्याचे', 'ण्यास' ह्या रूपांचा सढळ वापर पुष्कळ भेद झाकून टाकतो, आणि बोलीत ते जागे असतात. वर्गात कन्नड भाषक मुले असतील तर त्यांनी आपल्या भाषेतील वाक्य शेजारी मांडावे. विद्यापीठांच्या पातळीवर, मराठी आणि कन्नड कृदन्तांची इंग्रजीशी तुलना करणारे सविस्तर, उदाहरणसंपन्न व्याकरण तयार होणे हे तौलनिक साहित्याच्या विभागांनी आपले काम मानले पाहिजे. भाषाविज्ञानाच्या विभागांवर ते सोपवून मोकळे होता येणार नाही. विनायक कृष्ण गोकाक यांच्यासारखा कन्नड कवी फर्ग्युसन महाविद्यालयात इंग्रजी शिकवीत होता आणि पुढे हैदराबादच्या इंग्रजीच्या केंद्रीय संस्थेचा संचालकही झाला. भाषांच्या मधील भिंती ओलांडण्याची ती परंपरा आपल्याकडे होती व आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्याचा आनंद झाला तो रास्तच होता. परंतु भाषेचा मान तिच्या प्राचीनतेच्या दाखल्यांत जितका असतो त्याहून अधिक तिच्याकडून आज काय शिकता येते यात असतो. परमुलखातील मराठी घरात वाढणाऱ्या मुलाला, त्याची घरची भाषा इंग्रजीतील एका अवघड निवडीचे कारण सांगू शकते एवढे जरी कोणी दाखवून दिले, तरी त्या भाषेविषयी त्याच्या मनात आदर निर्माण होईल. उपदेशाने तो होत नाही. इंग्रजीही त्याला अधिक चांगली येईल, हा दुसरा लाभ. ह्या दोहोंपैकी एकासाठी दुसऱ्याचा त्याग करावा लागतो ही समजूत आपल्या शिक्षणात खोल रुजली आहे. ती निराधार आहे हे कृदन्तांच्या निवडीइतक्या लहानशा प्रश्नातूनही सिद्ध होते.